सिस्टरांची राहिलेली ओव्हर

बोलायच्या आधी सिस्टर पेनाला टोपण लावायच्या. टक्क करून आवाज यायचा. मग पेन ॲप्रनच्या खिशात, दोन्ही हात टेबलावर, आणि म्हणायच्या, "पेशंट झाले. आता तुझी ओव्हर दे."

तुमच्यापैकी कुणी सरकारी दवाखान्यात चार दिवस काढले असतील, तर दुपारी दोनच्या सुमाराला तुम्ही पाहिलं असेल. एक पाळी घरी जायला निघते, दुसरी येते, आणि दोघीतिघी सिस्टर एकेका बेडपाशी थांबून पुटपुटत पुढे जातात. बाराला ताप आहे, पंधराने जेवण परत पाठवलं, असं. त्याला आम्ही ओव्हर देणं म्हणतो. आमच्या बायकांच्या वॉर्डात पेशंटांनंतर आमचीही ओव्हर व्हायची. झोप झाली का, जेवलीस काय, घरी काय चाललंय. हा आमच्या इन्चार्ज सिस्टरांचा नियम होता आणि तो कुठल्याही पुस्तकात नव्हता. टोपण लावलं म्हणजे आता बोलशील त्यातलं काही कागदावर जाणार नाही, एवढं आम्हाला कळायचं.

मी सांगलीकडची. रत्नागिरीत रुजू झाले तेव्हा या गावात मला काळं कुत्रंही ओळखत नव्हतं. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, "घाटावरून आलीस ना गो? मासे खातेस?"

"नाही, सिस्टर."

"मग इथे जगणार कशी बाय तू?" आणि खरंच काळजीत पडल्या हो! दुसऱ्या दिवशी डब्यात कुळथाची पिठी आणि भात घेऊन आल्या. मी हॉस्टेलच्या खोलीत बसून ती पिठी खाल्ली आणि रडले. चव आवडली नव्हती, तरी सगळी संपवली.

आमच्यातल्या काहीजणी त्यांच्या या ओव्हरला हसायच्या. "चला, सासूचं प्रकरण कुठवर आलं ते सांगायची वेळ झाली," म्हणायच्या. मीही हसायचे. आणि विचारलं की ठरलेलं उत्तर द्यायचे, "मी बरी आहे." कुठल्या परक्या बाईला कोण खरं सांगतं?

मग ती चूक झाली. त्या आठवड्यात दोघी रजेवर होत्या आणि मी तीन दिवस डबल ड्यूटी केली होती. बेड अकरावर मधुमेहाची आजी, बारावर दम्याची. बाराचा बेड पंख्याखाली. मे महिना, उकाड्याने जीव नकोसा. सकाळी दोघींच्या नातेवाइकांनी आपसात ठरवून आज्यांची अदलाबदल केली, गप्पांच्या नादात कुणी आम्हाला सांगितलंच नाही. मी अकरावर गेले आणि नाव न विचारता इन्सुलिन टोचलं. दम्याच्या आजीला. सुई काढली तेव्हा ती म्हणाली, "आज हे नवीन कसलं गो बाय?" मी सिस्टरांना हाक मारली.

सिस्टर धावल्या नाहीत, ओरडल्याही नाहीत. आजीची साखर तपासली, डॉक्टरांना बोलावलं, साखरेचं पाणी पाजलं, सलाईन लावायला घेतली. डॉक्टर आले ते माझ्यावर तुटून पडले. सिस्टर मध्ये उभ्या राहिल्या. "डॉक्टर, वॉर्ड माझा हाय. ओरडायचं ते माझ्यावर. पण आधी आजीला बघूया."

आजी दोन दिवसांत ठणठणीत झाली आणि पंख्याखालचा बेड परत मागू लागली. पण त्या दिवशी दुपारी मी राजीनामा लिहायला कागद घेतला होता. सिस्टरांनी तो काढून घेतला आणि दुसरा पुढे ठेवला. "घडलं ते खरं खरं लिही. नाव विचारलं नाही, तेही लिही. मी खाली सही करते." मी लिहिलं. मग त्यांनी टोपण लावलं. टक्क.

"किती तास झोपलीस?"

"सिस्टर, तीन दिवसांत मिळून सात-आठ."

"आणि काल ओव्हर देताना काय म्हणालीस? बरी आहे. खोटी ओव्हर दिलीस तू मला. पेशंटचा ताप लपवला असतास काय? मग स्वतःचा का लपवलास?"

अशी रडले म्हणून सांगू त्या दिवशी! त्यांनी दोन दिवस माझी ड्यूटी स्वतः केली. त्यानंतर मी जी ओव्हर द्यायला लागले ती थांबतच नसे. सांगलीकडे असलेल्या नवऱ्याच्या बदलीचं, दिवस राहत नव्हते त्याचं, सासूच्या टोमण्यांचं, सगळं त्यांच्या टेबलावर ओतायचे. त्या ऐकायच्या. सल्ला फारसा द्यायच्या नाहीत. "हां गो," म्हणायच्या, आणि मला हलकं वाटायचं.

त्यांची ओव्हर कोण घेतं, हा प्रश्न मला पडला नाही. एकदा सहज म्हटलं होतं, "आणि तुमची, सिस्टर?" तर हसल्या. "माझी कसली? मी बरी." मी मान डोलावली. हेच उत्तर मी दिलं तेव्हा त्यांनी कसं पकडलं होतं, ते मला आठवलंसुद्धा नाही.

एका सकाळी माझी दाढ दुखत होती. पाळी सुरू होतानाच मी त्यांना गाठलं आणि दहा मिनिटं दाढेचं रामायण ऐकवलं. त्यांनी लवंग दिली, डॉक्टरकडे जा म्हणाल्या. नेहमीसारखा राउंड घेतला, ड्रेसिंग पाहिली. दोनची ओव्हर संपवून पिशवी उचलली आणि गेल्या. दुसऱ्या दिवशी वॉर्डातल्या मावशींकडून कळलं, त्यांची सख्खी बहीण दापोलीला वारली होती. फोन सकाळी सातला आला होता. स्टाफ कमी म्हणून त्या पाळी पूर्ण करून दुपारच्या एस.टी.ने गेल्या. माझं ऐकत होत्या तेव्हा बहीण गेल्याचं कळून तासही झाला नव्हता! मला माझ्या दाढेची शरम वाटली, आजही वाटते.

तरी त्या परत आल्यावर मी काही विचारलं नाही. विचारायचं कसं, हेच मला येत नव्हतं. त्यांना येत होतं.

अठ्ठावन्न पूर्ण झाल्यावर त्या निवृत्त झाल्या. शाल, नारळ, भाषणं. "येत जा गो पावसला, घरी," एवढं म्हणाल्या. इन्चार्जचं टेबल माझ्याकडे आलं. मी येते येते करत आठ महिने घालवले. शेवटी एका रविवारी गेले.

आंब्याच्या बागेला लागून लहानसं घर. त्यांचा नवरा मुंबईच्या नोकरीत असतानाच वारला होता, मुलगा तिकडेच बायकापोरांत. दार उघडल्या उघडल्या विचारलं, "जेवलीस काय गो?" चहा झाला. आणि मग काय सांगू, मी तासभर माझंच बोलले! नव्या मुली ऐकत नाहीत, मेट्रन रागावतात, माझी झोप गेली आहे. त्या "हां गो, हां गो" करत राहिल्या. एस.टी.ची वेळ झाली तशी मी उठले.

थांब्यावर गाडी समोर दिसायला लागली तेव्हा मला घरातली मांडणी आठवली. ओट्यावर एकच ताट. कपाटातून माझ्यासाठी काढलेला कप, आधी पुसून घ्यावा लागला होता. आणि टीव्ही चालू, आवाज बंद. मी पाठ केल्यासारखी ओव्हर देत बसले होते, आणि समोरची पेशंट मला दिसली नव्हती. गाडी गेली. मी मागे वळले.

त्या पायरीवरच बसल्या होत्या, मी गेले होते त्या वाटेकडे बघत. "काय विसरलीस गो?"

मी शेजारी बसले. पर्समधलं पेन काढलं, टोपण काढून परत लावलं. टक्क.

"सिस्टर, तुमची ओव्हर राहिली."

"मी बरी—"

"खोटी ओव्हर नको."

 त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. मग वॉर्डात बेडपाशी उभ्या राहून बोलायच्या तशा खालच्या आवाजात म्हणाल्या, "पेशंट स्त्री. वय अठ्ठावन्न. ताप नाय. बीपी ठीक. जेवण अर्धं. झोप तीन तास." वाटेकडे पाहिलं. "मंगळवारपासून कुणाशी बोललेली नाय."

पुढची गाडी साडेपाचला होती. तीही मी सोडली.