ओढ्यातली फुकटची दवा

माझे वडील बाळापूरच्या बाजारात पत्रकं वाटायचे. मी अक्षरं त्या पत्रकांवरच गिरवली. त्यामुळे एक समज पक्का झाला: खरी गोष्ट मोठ्या टायपात छापली की लोक जागे होतात.

पुढे रसायनशास्त्र शिकताना कळलं, की फाट्यावरच्या दवाखान्याचं सांडपाणी आमच्या ओढ्यात सुटतं आणि त्यात अँटिबायोटिक असतं. मी लगेच पत्रक काढलं. मथळा: ‘दवाखान्याची औषधं आपल्या ओढ्यात!’ खाली बारीक अक्षरांत लिहिलं, की पाण्यात अशी थोडी थोडी औषधं राहिली की जंतू त्यांना सरावतात. मग तीच औषधं माणसाला लागू पडत नाहीत.

नुसतं ओरडायचं नाही, म्हणून उपायही केला. शेजारच्या मावशीनं चुलीसाठी रचलेल्या कापसाच्या पऱ्हाट्यांतून दोन मोळ्या दिल्या. झाकणबंद पिंपात, हवा लागू न देता, मी त्यांचा कोळसा केला. त्यावर लोखंडाचा क्षार चढवला. असा कोळसा आणि थोडं पेरॉक्साइड एकत्र आलं की औषधाचे रेणू तुटतात. कॉलेजच्या प्रयोगशाळेत तुटले होते. सांडपाण्याच्या नळीखाली मी कोळशाची टाकी बसवली.

तिसऱ्या दिवशी टाकी आडवी, कोळसा चिखलात. मावशी नळीखाली पाय धरून बसलेली. तिला साखरेचा आजार. विळ्याची जखम महिनाभर भरत नव्हती. तिची जाऊ वासरासाठी बाटली भरत होती.

“मावशी, हे काय?”

“तूच तं छापलं ना माय, दवाखान्याची दवा हितं वाहून राहिली म्हणून. तिथं दिवसभर लायनीत बसा, तवा डाक्टर चार गोळ्या देतो.”

“अगं, घाण पाणी आहे हे! मी त्यातलं औषध काढून टाकत होते.”

जाऊ हसली. “ऐका! गरिबाला दवा भेटून राहिली तं हिला तकलीफ. काहून काढती गं? दवाखान्याची एजंट हायस का?”

एजंट! मी तडक निघून आले. आठ दिवस मावशीशी बोलले नाही. त्या आठ दिवसांत तिनं दोन्ही वेळेला पाय तिथंच धुतला.

शेवटी तिला नांदेडला न्यावं लागलं. तिथले डॉक्टर म्हणाले, जखमेतले जंतू एकाही औषधाला दाद देत नाहीत. घोट्याच्या वर पाय कापला. ओढ्यामुळंच झालं, हे मला सिद्ध करता येणार नाही. दवाखान्याचा मालकही तेच म्हणतो: सिद्ध करा.

मावशी घरी आल्यावर मी तिला पत्रकातली बारीक अक्षरं वाचून दाखवली. तिनं शेवटपर्यंत ऐकलं.

“मंग हे वर काहून न्हाई छापलं, पोरी?”

तिनं बाजेवरूनच पऱ्हाट्यांकडं बोट दाखवलं.

“ने त्या. टाकी लाव पुन्हा. अन् माझी बाज ओढ्यावर टाक. आता बसूनच राहायचं हाय मला. कोण हात लावतंय, बघते.”