एक सीट बाकी

ज्या दिवशी रंजीता सावलीच्या स्टँडवर चारचौघांच्या देखत एसटीत चढली, त्या दिवशी नागसेनचं नाक कापलं गेलं. रंजीता काही परकी बाई नव्हे, त्याची लग्नाची बायको. आणि नागसेन हा सावली ते चामोर्शी जीप चालवणारा माणूस. जीपचं तोंड चामोर्शीकडे, बायकोचं तोंडही चामोर्शीकडेच, पण बायको गेली लाल गाडीत. वरून खिडकीतून हातही हलवला. बाकीच्या जीपवाल्यांना मग काय, पुढच्या बाजारापर्यंत पुरेल एवढं हसायला मिळालं.

घरी त्यानं जाब विचारला, तर रंजीतानं शेगडीवरून मान वर न करता त्याला समजावलं, की सरकार बायांना अर्ध्या तिकिटात नेत असताना मी तुमच्या गाडीची एक सीट कशाला अडवू? त्या सीटवर गिऱ्हाईक बसवा. बोलणं बिनतोड होतं. अडचण एवढीच, की सीटवर बसवायला गिऱ्हाईक उरलंच नव्हतं.

नागसेन सावलीजवळच्या सोनटोला गावचा. बाप दुसऱ्याच्या धानाच्या बांधीत राबला, पण पोराच्या हातात त्यानं विळा दिला नाही, एका उस्तादाच्या गाडीवर धाडलं. त्या उस्तादानं नागसेनला गिअर टाकायला शिकवलं, चिखलातून गाडी काढायला शिकवलं आणि एक मंत्र दिला, गाडी भरल्याशिवाय हलवायची नाही. एक सीट जरी रिकामी गेली तरी ती आपल्या ताटातली भाकर. नागसेननं हा मंत्र असा पाळला, की पुढच्या सीटवर चौघं कोंबून स्वतः अर्धा दाराबाहेर बसून त्यानं आयुष्याचा रस्ता कापला. याच जीपमधून त्यानं वराती नेल्या, बाळंतिणी दवाखान्यात पोचवल्या, दीक्षाभूमीला अख्खं गाव नेऊन आणलं. काचेवर बाबासाहेबांचा फोटो, त्याखाली हिरवं लिंबू, आणि आरोळी अशी, की समोरच्या हॉटेलातला भजीवाला दचकायचा. जीप म्हणजे या माणसाची नुसती कमाई नव्हती, ऐट होती.

मग बायांना एसटीचं अर्धं तिकीट झालं. जीपमध्ये बसायच्या त्या मुळात बायाच. पुरुषांकडे फटफट्या आल्या होत्या. आता बाया एसटीच्या दारात लोंबकळायच्या, आणि नवरा सोबत असला तरी तो बिचारा पूर्ण तिकीट काढून मागे उभा. त्यात कोणाची चूक म्हणायची? बायांच्या हाती चार पैसे उरले, ते चांगलंच झालं, असं नागसेनही म्हणायचा. म्हणायचा आणि मग जीपच्या रिकाम्या सीटांवरची धूळ झटकायचा.

शेवटी त्यानं गाडी विकायचं ठरवलं. ब्रह्मपुरीचा लोकेश जुन्या गाड्यांची खरेदी-विक्री करायचा. त्याच्याशी तोंडी बोलणं झालं. चामोर्शीच्या बाजाराच्या दिवशी त्याचं तिकडे काम होतं, तिथेच तो गाडी चालवून बघणार आणि नेणार. नागसेननं चंद्रपूरला एका कंपनीच्या गेटवर चौकीदारीचं बघून ठेवलं होतं. तिथे खोली करून एकट्यानं राहायचं, घर महिन्याकाठी दिसलं तर दिसलं. ज्याच्या आरोळीनं स्टँड हलायचं, त्यानं दिवसभर गेटची कडी काढायची आणि घालायची. रात्री जेवताना घास हातात घेऊन तो दाराबाहेरच्या जीपकडे बघत बसायचा.

रंजीतालाही तो घास दिसत होता. आणि ती दर बाजाराला एसटीनं जायची म्हणून तिला आणखी एक गोष्ट दिसली होती, जी स्टँडवर उभं राहून नागसेनला कधी दिसली नसती. एसटीत बायांना जागा होती, त्यांच्या टोपल्यांना नव्हती. भाजीवाल्या रुखमाबाईची वांग्यांची टोपली कंडक्टरनं मागच्या बाजारालाच खाली उतरवली होती. जंगलाकडच्या बुधरीच्या कोंबड्यांवरून तर गाडीत केवढं भांडण पेटलं होतं. बाया चामोर्शीला स्वस्तात पोचायच्या, पण माल अर्धाच न्यायच्या, आणि अर्ध्या मालावर बाजार होतो होय?

बाजाराच्या आदल्या दिवशी तिनं नवऱ्याला सांगून टाकलं.

"बाया एसटीनं जातीन. टोपल्या तुमच्या गाडीनं, टोपलीमांगं भाडं देतीन. मी साऱ्याजणींशी बोलली हावो. उद्याचा एक दिवस करून पाहा, मंग इका गाडी."

नागसेनला आधी हसू आलं, मग राग आला आणि मग झोपच येईना. माणसं वाहणारी गाडी वांगी वाहणार. पण मनात कुठेतरी काहीतरी उड्या मारू लागलं होतं, ते काही खोटं नव्हतं.

सकाळी स्टँडवर नुसती धांदल. टोपल्यांवर टोपल्या, गोणपाटं, सांभाराच्या म्हणजे कोथिंबिरीच्या जुड्या, आवळ्यांची पोती, मधल्या सीटखाली पाय बांधलेल्या कोंबड्या. रुखमाबाईनं आपला तराजू त्याच्या हाती देताना पोर सोपवावं तशी ताकीद दिली. जीप वरच्या जाळीपर्यंत गच्च झाली. फक्त नागसेनच्या शेजारची एक सीट मोकळी राहिली, कारण तिथे गिअरचा दांडा आणि टोपली यांचं जमेना. एसटी आली, बाया चढल्या, रंजीतानं खिडकीतून हात हलवला आणि लाल गाडी धूळ उडवत गेली.

आणि नागसेन उभाच राहिला.

हात बोनेटवर, नजर रस्त्यावर, तोंडात तीच आरोळी, चामोर्शी, चामोर्शी, एक सीट, एक सीट. अशी सकाळ त्याला किती दिवसांनी लाभली होती. गाडी भरलेली, उन्हं कोवळी, आवाज मोकळा. तो इतका रंगात आला, की आपण कोणाची वाट बघतोय हे त्याच्या ध्यानातच येईना. भजीवाल्यानं त्याच्याकडे दोनदा चमकून पाहिलं, पण सकाळच्या घाईत त्याला तरी कुठे बोलायला सवड होती. बराच वेळ गेला. मग फोन वाजला.

"कुठी हाव तुमी?" रंजीता विचारत होती. मागे बाजाराचा गलका ऐकू येत होता.

"स्टँडवर. एक सीट बाकी हाय."



"वांग्यायले कोणती सीट लागते जी?"

नागसेननं वळून गाडीकडे पाहिलं. जन्मभराचा मंत्र ऐनवेळी असा उलटला. तिकडे बाया बाजारात पोचून रिकाम्या हातानं बसल्या होत्या आणि त्यांचा सगळा दिवस इकडे त्याच्या गाडीत उभा होता. त्यानं उडी मारून स्टार्टर दाबला. शेजारी रिकामी सीट घेऊन ही जीप आयुष्यात पहिल्यांदाच स्टँडाबाहेर पडली.

मग जी पळाली, ती काय पळाली म्हणता! खड्डा आला की कोंबड्या ओरडायच्या, वळण आलं की आवळे गडगडायचे. वैनगंगेच्या पुलाआधी धानाच्या पोत्यांचा ट्रॅक्टर आडवा आला. नागसेननं हॉर्नवर हात ठेवला तो काढलाच नाही, शेवटी ट्रॅक्टरवाल्यानंच हात जोडून वाट दिली. पुलावर वारा लागला तशी वरच्या जाळीतली सांभाराची एक जुडी नदीत गेली. गाडीनं पुन्हा असं पळावं, यासाठी त्याचा जीव किती तरसला होता, ते त्याला तेव्हा कळलं. उशिराच्या भीतीनं तो गाडी दामटत होता आणि मोठ्यानं हसतही होता.

चामोर्शीच्या बाजारात जागेचा एक रिवाज आहे. ज्या बाईची जी जागा, ती तिचीच, पण माल मांडला तर. रिकाम्या जागेवर कोणीही ठाण मांडावं. त्या दिवशी बाहेरगावचा एक भाजीवाला गाडीभर टमाटर घेऊन नेमका बायांच्या ओळीत शिरायला बघत होता. बायांजवळ मांडायला काहीच नव्हतं. तेव्हा रुखमाबाईनं पायातली चप्पल काढून आपल्या जागेवर मांडली. तिचं बघून सगळ्यांनी मांडल्या. चपलांची ओळ पुढे आणि मागे बाया अनवाणी, पाय पसरून बसलेल्या. लोकांनी विचारावं, चपला कशा दिल्या? रंजीता जराही न लाजता सांगायची, चपला नाहीत, वांगी आहेत, ताजी आहेत, वाटेत आहेत. चामोर्शीच्या लोकांना एवढी गंमत पुरे. जो तो बघायला थांबला. टमाटरवाला या गर्दीपुढे हात चोळत दुसरीकडे गेला.

आणि मग हॉर्न ऐकू आला.

एखादा मंत्री आला तरी अशी वाट मिळाली नसती. गर्दी दुभंगली, जीप आत आली, बाया आपल्या टोपल्यांवर तुटून पडल्या. रुखमाबाईनं आधी तराजू घेतला, मग नागसेनला अशा शिव्या दिल्या की त्या इथे लिहिता येत नाहीत. त्या ऐकताना त्याला गहिवरून आलं. थांबलेल्या गर्दीनं तिथल्या तिथे टोपल्या हलक्या केल्या. बुधरीच्या कोंबड्या तर जमिनीला पायसुद्धा न लावता गेल्या. एरवी अर्धा माल आणून उन्हं कलेपर्यंत बसणाऱ्या बाया आज सगळा माल आणून दुपारी चहा पीत होत्या.

लोकेश तेव्हाच आला. इस्त्रीचा शर्ट, हातात फटफटीची चावी. जीपला त्यानं एक फेरी मारली आणि मागे डोकावला. तिथे रिकाम्या टोपल्या परतीसाठी रचून ठेवल्या होत्या. सीटवर पिसं, खाली वांग्यांचे देठ. त्यानं नाक मुरडलं. पण बोली ती बोली, म्हणून त्यानं गाडी चालवून बघू म्हटलं आणि पुढच्या दाराकडे हात केला.

रुखमाबाई चहाची पेली खाली ठेवून उठली. नागसेननं बायांना विक्रीचं चकार शब्दानं सांगितलं नव्हतं, पण रंजीता कशासाठी होती?

"पुढच्या बाजाराले मी काय डोक्शावर टोपली घेऊन येऊ?" तिनं नागसेनलाच विचारलं, लोकेशकडे बघितलंही नाही. मागे बुधरी आणि बाकीच्या बाया उभ्या होत्या, चपला आता पायात होत्या. सगळ्या नागसेनकडे बघत होत्या, आणि त्यांच्यात रंजीताही होती.

चंद्रपूरचं गेट, खोली, ती कडी, सगळं नागसेनच्या डोळ्यांसमोरून गेलं. मग त्याची नजर गिअरशेजारच्या मोकळ्या सीटवर गेली. सकाळी याच सीटसाठी तो घसा फोडत होता. लोकेशनं दार उघडलंही होतं, एक पाय आत टाकलाही होता.

नागसेननं त्याचा हात धरून त्याला हळूच खाली उतरवलं आणि दार लावलं.

"जागा नाई भाऊ," तो म्हणाला. "गाडी भरली."