बर्फाच्या खणातलं इंजेक्शन

सकाळी माझी मूठ वळत नाही. संधिवाताच्या गोळ्या दोन वर्षं घेतल्या. पोटाची वाट लागली, बोटं होती तशीच. मग डॉक्टरांनी इंजेक्शन सुरू केलं. पंधरा दिवसांनी एक, पोटावर, घरच्या घरी. चार महिने निमूटपणे टोचून घेतलं. फरक शून्य. उलट उजव्या हाताची दोन बोटं वाकली. ती आता सरळ होणार नाहीत.

त्या दिवशी पालघरच्या दवाखान्यात डॉक्टर पुढचे पर्याय समजावत होते. एक वेगळ्या प्रकारचं इंजेक्शन, तेही पोटावरच. दुसरं महिन्यातून एकदा शिरेतून, दवाखान्यात तासभर बसून. कोणतं लागू पडेल ते आधी सांगता येत नाही, म्हणाले. म्हणजे पुन्हा प्रयोग माझ्यावरच. मग त्यांनी सहज विचारलं, "आधीचं ठेवत कुठे होता?"

माझ्याआधी नवराच बोलला, तोही ऐटीत. "फ्रीजमदी. शनवार-रयवार पावने आले का बरफाच्या खनात. तिथं मावरं आठ दिस टिकतं, मंग दवा का नाय टिकनार?"

केळव्याच्या आमच्या वाडीत दोन खोल्या मुंबईच्या पाहुण्यांना देतो. त्यांच्या बिअरला जागा हवी, म्हणून माझं औषध वर मासळीत. बोईसरचा मेडिकलवालाही ते बर्फाच्या डब्यातच द्यायचा, त्यामुळे नवऱ्याला वाटलं, जितकं थंड तितकं चांगलं. मला विचारावं, असं मात्र त्याला वाटलं नाही. शनिवारी मी पाहुण्यांच्या भाकऱ्या थापत असायचे, दुखऱ्या हातांनी.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "गोठलं की हे औषध वाया जातं. म्हणजे ते तुम्हाला लागू पडलं नाही, असं म्हणताच येत नाही. तेच पुन्हा देऊन बघू. घरीच घेता येईल, सोपं पडेल."

"घरी नको," मी म्हटलं. "शिरेतलंच द्या."

नवरा म्हणाला, "अगो, नवा फ्रीज घेऊ ना." मी त्याच्याकडे बघितलंही नाही. इतका राग मला लग्नाच्या इतक्या वर्षांत आला नव्हता.

आता महिन्यातून एकदा मी त्या खुर्चीत बसते. दोन्हींत कोणतं औषध सरस, मला अजून कळलेलं नाही. माझं औषध परकी माणसं सांभाळतात, एवढ्यासाठी मी ते निवडलं.