खाडीला पाठ

जागृती ही डिझाइन कॉलेजची विद्यार्थिनी. कोपरीतल्या कोळी बायकांच्या हाती तिने कॅमेरे दिले आणि म्हणाली, "तुमचं जे आहे, त्याचे फोटो काढा. त्यावरून आपण खाडीकाठी बसायची जागा आखू." हेतू चांगला, भाषा जरा पुस्तकी.

बाकीच्यांनी सुना, नातवंडं, देव्हारे टिपले. दगडाबाईंनी वीसच्या वीस फोटो ओहोटीच्या काळ्या चिखलाचे काढले.

"आजी, बटण चुकून दाबलं गेलं का?"

"कोळंबी सोलताना बोट कंदी चुकला नाय. बटण चुकंल?"

जागृती हसली आणि ते फोटो बाजूला पडले.

महिन्याभराने देवळात पुठ्ठ्याचा नमुना मांडला. रंगवलेली भिंत, तिच्यासमोर बाकं. बायकांनी माना डोलावल्या. दगडाबाई वाकून बघतच राहिल्या.

"खाडीला पाठ करून बसायचा?"

"भिंतीवर तुमचेच चेहरे असणार आजी, समोर दिसायला हवेत ना."

"माजा तोंड मना ठाव हाय. होडी पान्यात हाय तवर घरची बाई खाडीला पाठ करत नाय. येवढा शिकलीस, ह्यो कुनी सांगला नाय?"

शेजारच्या मालनला राहवेना. "काकी, म्हातारा जाऊन सात वर्सा झाली. कोनाची वाट बगता?"

खरंच होतं. मासळी मिळेना म्हणून दगडाबाईंच्या नवऱ्याने, गोमाजींनी, होडी विकली आणि दोन पावसाळ्यांत तेही गेले, घरातल्या खाटेवर. त्यांची वाट बघण्याइतक्या दगडाबाई खुळ्या नव्हत्या.

"म्हातारा गेला," त्या म्हणाल्या. "होडी कुटं गेली? कोन तरी चालवत असंल. एकांदे भरतीला इकडून गेली, तं मना दिसाया नको?"

जागृतीने बाजूला पडलेले ते वीस फोटो पुन्हा बाहेर काढून पाहिले. प्रत्येकात, कुठे कडेला, कुठे मधोमध, तोच एक लाकडी खुंटा होता. होडी बांधायचा. हे फोटो चुकून निघाले असं समजणारीला आपलीच लाज वाटली. तिने पुठ्ठ्याची बाकं उपटली, डिंकासकट, आणि खाडीकडे वळवून चिकटवली.

"आता बराबर," दगडाबाई म्हणाल्या.

खरी बाकं अजून झालेली नाहीत. मंजुरीचे कागद कुठल्याशा सरकारी टेबलावर आहेत. भरतीची वेळ झाली की दगडाबाई घरातलं प्लॅस्टिकचं स्टूल उचलतात, खुंट्यासमोर काठावर नेऊन ठेवतात आणि पाणी उतरेपर्यंत बसून राहतात.