सासूबाईंसाठी भाड्याचा सिनेमा

१५ ऑगस्ट, शुक्रवार. काम : बरकतपुऱ्यात जाऊन सासूबाईंच्या टीव्हीवर या आठवड्याचा सिनेमा भाड्याने लावून देणे, आणि या वेळी तो संपेपर्यंत त्यांच्याशेजारी बसणे.

दुसरा भाग मी घरी कुणाला सांगितला नव्हता.

सिनेमा लावून देण्याचं काम दोन वर्षांपासून माझ्याकडे आहे. तो टीव्हीवरच भाड्याने मिळतो. घेतल्यावर महिनाभरात केव्हाही सुरू करा, पण एकदा सुरू केला की अठ्ठेचाळीस तासांत संपवायचा. निवड माझी. नियम साधे आहेत. दोन तासांच्या आत हवा. भूत, कोर्ट आणि पुनर्जन्म नको. बायका स्वयंपाकघराबाहेरही दिसायला हव्यात. आणि संपल्यावर अर्धा तास तरी बोलण्याजोगं काही उरायला हवं. या चाळणीतून आठवड्याला जेमतेम एक सिनेमा खाली पडतो. तो मी आधी स्वतः बघते, मगच सुचवते. न बघता 'बघाच' म्हणणाऱ्या माणसांवर माझा विश्वास नाही.

सासूबाई मंगळवारी दुपारी सिनेमा बघतात आणि रविवारी विहारात वंदना झाल्यावर बायकांना त्याची गोष्ट सांगतात. ही जुनी रीत आहे. त्यांच्या तरुणपणी वस्तीतल्या बायका मिळून एकीलाच पिक्चरला पाठवायच्या आणि तिनं परत येऊन तो सगळ्यांना सांगायचा. पाठवायच्या त्या बहुतेक वेळा यांनाच, कारण या एकही प्रसंग गाळत नसत. आता विहारातल्या बायका गोष्ट ऐकतात आणि आवडली तर आपापल्या घरी तोच सिनेमा घेतात.

गेल्या रविवारी विहाराच्या पायरीवर चपला घालताना एका बाईंनी मला गाठलं.

"ते पिठाच्या गिरणीचं पिक्चर तुम्हीच निवडलं होतं ना?"

"हो. का?"

"तुमच्या सासूबाई म्हणाल्या, शेवटी नवरा परत येतो. म्हणून मी नणंदेला घेऊन बसले. तिचा गेलाय सोडून. तिला म्हटलं, बघ, धीर येईल. तो तर मेला की हो."

"मरतोच तो."

"मग त्यांनी असं कसं सांगितलं?"

"नणंद काय म्हणाली?"

"म्हणाली, बरं झालं."

हे मी घरी येऊन नवऱ्याला सांगितलं, ती माझी चूक. त्यानं लगेच आणखी दोन गोष्टी जोडल्या. फोनवर 'गोळ्या घेतल्या का' विचारलं तर आई म्हणाली होती, 'हो, दोडकी आणली'. मावशीच्या नातीच्या लग्नाची तारीख दोनदा सांगूनही तिसऱ्यांदा विचारली होती. "आई विसरायला लागलीय," तो म्हणाला. मग त्यानं बहिणीला, म्हणजे माझ्या नांदेडच्या नणंदेला, फोन लावला. तिला एक मिनिट पुरलं. "मला तर कधीचंच वाटत होतं," ती म्हणाली. कधीचं वाटत होतं तर कधीचं का बोलली नाही, हे मी विचारलं नाही.

ठरलं असं : बरकतपुऱ्याचं भाड्याचं घर सोडायचं, सासूबाईंना शहराच्या दुसऱ्या टोकाला आमच्या चौदाव्या मजल्यावर आणायचं. शनिवारी घरमालकाला फोन करून महिन्याची नोटीस द्यायची. सासूबाईंना अजून कुणी काही विचारलं नव्हतं. त्यांचं उत्तर सगळ्यांना माहीत होतं. सासरे गेले तेव्हाच त्या म्हणाल्या होत्या, "मला इथून हलवायचं तर आडवी हलवा."

माझी नोकरी विम्याच्या ऑफिसात, दावे तपासण्याची. दोन कागद जुळले नाहीत तर मी माणसाला लगेच खोटं ठरवत नाही. तिसरा कागद मागते.

पहिला संशय घेतला तो दिवसभर सोबतीला असणाऱ्या बाईवर. ती तेलुगू, पाच वर्षांपासून आहे, कामाला चोख आणि कमी बोलणारी. कमी बोलणाऱ्या माणसांकडे मी जरा जास्तच बघते. टीव्हीतल्या नोंदीप्रमाणे गिरणीचा सिनेमा मंगळवारी सव्वादोनला सुरू झाला आणि शेवटपर्यंत चालला. पण टीव्ही चालला म्हणजे कुणी बघितला, असं होत नाही. दोघी झोपत असतील आणि रविवारी सासूबाई मनानंच गोष्ट रचत असतील, असं मी धरून चालले होते.

सुट्टी असल्यामुळे गल्लीच्या तोंडाशी झेंडा लावला होता आणि लाउडस्पीकर सकाळपासून थांबला नव्हता. मी आत शिरून आधी खिडकी लावली, तरी गाणी आत येतच होती.

"आज कशी शांतता आहे, नाही?" सासूबाई म्हणाल्या.

नवऱ्याच्या बाजूचा आणखी एक पुरावा, असं मी मनात लिहून ठेवलं.

सिनेमा लावला. दोन बहिणी वडिलांचं शिलाईचं दुकान आवरतात, एवढीच गोष्ट. बोलणं भरपूर, तेही हळू आवाजात. सासूबाई जाग्या होत्या, बाईही जागी होती, शेंगा सोलत होती. म्हणजे माझा पहिला अंदाज गेला. मग माझ्या लक्षात आलं की सासूबाई पडद्याइतक्याच माझ्याकडे बघतायत. मी हसले की त्या हसायच्या, पण अर्धा क्षण मागून. म्हणून मी हसणं बंद केलं. पुढे एक गिऱ्हाईक येतं आणि पंधरा वर्षांपूर्वी शिवायला टाकलेला सदरा मागतं. मला तो प्रसंग पाठ आहे, तरी हसू येतं. मी तोंड दगडासारखं ठेवलं. सासूबाईंनीही ठेवलं.

रिमोट माझ्या मांडीवर होता. मी आवाज पूर्ण बंद केला.

पडद्यावर बहिणी भांडत होत्या, ओठ हलत होते. खोलीत फक्त शेंगांचा आवाज, आणि बाहेर लाउडस्पीकर. सासूबाई मान हलवत बघत राहिल्या. मधेच म्हणाल्या, "मोठीचं चुकतंय."

शेंगा थांबल्या. बाई माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "मेडम, आवाज कायकू बंद करे?"

"तुम्हाला माहीत होतं?"

"अम्मा बोले, किसी को नक्को बोलो. मैं सामने आको बात करती. बेल बजी तो मैं जाती."

"आणि संध्याकाळी तुम्ही गेल्यावर?"

तिनं पुढची शेंग उचलली. तिचाही यात फायदा होता. हे घर बंद झालं असतं तर तिचं कामही गेलं असतं. ते मी ध्यानात ठेवलं, पण रागावण्याइतका वेळ नव्हता.

सिनेमा तसाच शेवटपर्यंत चालू दिला. संपल्यावर सासूबाईंच्या समोर वेताचा मोढा ओढून बसले आणि नीट तोंड उघडून म्हटलं, "सांगा पिक्चर."

त्यांनी सांगितला. मोठी आधी हिरव्या साडीत होती, भांडणानंतर पिवळ्या. कात्री पहिल्यांदा डाव्या खणात होती, शेवटी धाकटीच्या पर्समध्ये गेली. सदरा मागायला आलेल्या माणसाची छत्री दुकानातच राहिली. ती छत्री मला दोनदा बघूनही दिसली नव्हती. चुकलं ते एकच. मोठीनं सही करून किल्ली दिली, म्हणजे दुकान धाकटीला दिलं, असं त्या म्हणाल्या. प्रत्यक्षात ते परक्याला विकलं जातं, पण ते फक्त बोलण्यात येतं. गिरणीच्या सिनेमातही तसंच. बायकोला नवरा गेल्याचा फोन येतो, ती चांगली साडी नेसते आणि बसस्टँडवर जाते. कान नसेल तर कुणीही म्हणेल, नवरा येतोय.

डोकं शाबूत होतं. कान गेले होते.

"आई, ऐकू येत नाही ना?"

"येतं की. तुम्ही लोक तोंडातल्या तोंडात बोलता."

"मी आवाज बंद केला होता. अर्धा पिक्चर."

त्यांनी बाईकडे पाहिलं. बाईनं शेंगांकडे.

"आम्हाला वाटलं, तुम्ही विसरायला लागलात."

"विसरते? गेल्या वर्षी तू मला दिलेली साडी तुला कुणी दिली होती, सांगू?"

"राहू द्या."

"तुझ्या जावेनं."

"राहू द्या म्हटलं ना. सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर काय केलं असतं? म्हातारीला बेल ऐकू येत नाही, कुकरची शिट्टी ऐकू येत नाही. चला, घर बंद करा. माझ्या थोरल्या बहिणीचं तेच केलं. लेकाकडे नेली. तिथं तिच्याशी कोण बोललं?" मग माझ्या तोंडाकडे नीट बघत विचारलं, "तुम्ही ठरवलंय ना काहीतरी?"

मी खरं ते सांगितलं. उद्या फोन जाणार होता, तो मी थांबवीन. पण कान तपासल्याशिवाय पुढचा सिनेमा लावणार नाही.

"कोणता आहे पुढचा?"

"ते नंतर."

"आणि कान नापास झाले तर घर?"

"मशीन मिळतं. बेलच्या जागी दिवा लावता येतो. घर राहील."

त्यांचा विश्वास बसलेला दिसला नाही. मी त्यांच्या जागी असते तर माझाही बसला नसता.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवरा उठायच्या आत त्याच्या चहाच्या कपाखाली चिठ्ठी ठेवली : घरमालकाला फोन करायचा नाही, आईचं डोकं ठीक आहे, माझ्याशी बोलल्याशिवाय कुणाशी बोलू नका. साडेआठला सासूबाईंना ऑटोत बसवून हिमायतनगरच्या कानाच्या दवाखान्यात नेलं. आमचा दुसरा नंबर होता. त्यांना काचेच्या लहान खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन लावला, हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. काचेबाहेर एक मुलगी मशीनच्या कळा फिरवत होती. सासूबाई भराभर बटण दाबू लागल्या, एकही चुकेना. मुलगी म्हणाली, यांचे कान तर छान आहेत. मी खोलीत डोकावले. सासूबाई मुलीच्या बोटांकडे बघत होत्या. कळ फिरली की बटण.

मी उठले आणि दोघींच्या मधे, काचेला पाठ लावून उभी राहिले.