अप्पा म्हंजे कोण?

साक्षीदाराच्या तोंडून एखादं नातं निघालं, की वकीलबाई काळ्या कोटाची बाही मागं सारायची आणि विचारायची, “म्हंजे कोण?”

कर्नाटकातल्या भालकीच्या कोर्टात तुम्ही कधी बसला असाल, तर हा प्रश्न किती कामाचा ते तुम्हाला पटेल. साक्ष मराठीत, लिहून घेणार कन्नडमध्ये. हुलसूरच्या एका विधवेच्या वाटणीच्या दाव्यात तिचा दीर म्हणाला, “रान अप्पानं इकलं.” कन्नडमध्ये अप्पा म्हणजे बाप, म्हणून कारकुनानं ‘वडिलांनी’ असं लिहिलं. वकीलबाई लगेच उठली. विचारल्यावर कळलं, त्या घरात थोरल्या चुलत्याला अप्पा म्हणतात. रान होतं सासऱ्याच्या नावावर. चुलत्याला ते विकायचा हक्कच नव्हता. विधवेचा वाटा वाचला.

माझं टायपिंगचं दुकान कोर्टासमोरच. वकीलबाईचा पहिला दावा मीच टाइप केला, तेव्हापासून मी तिला ‘तू’ म्हणायचो. वर्णानं काळी, केस दाट कुरळे. तिचे पूर्वज आफ्रिकेतले हबशी, सुलतानांच्या फौजेतून बिदरला आलेले. पिढ्यान्‌पिढ्या इथलंच पाणी प्यालेली माणसं. तरी एका नव्या पोलिसानं तिला कॉलेजातली परदेशी मुलगी समजून गेटवर पासपोर्ट मागितला. ती शांतपणे म्हणाली, “कामून अडवायलास, अण्णा? माझी केस पुकारायलेत.” तो बिचारा तोंड उघडं ठेवूनच बाजूला झाला.

तिला न्यायाधीश व्हायचं होतं. तिच्या माणसांपैकी त्या खुर्चीवर आजवर कुणी बसलं नव्हतं. मुलाखतीला दोनदा बेंगळुरूला गेली आणि दोनदा हात हलवत परत आली. आली की चहा घ्यायची आणि उद्याच्या तारखेचे कागद माझ्यापुढं टाकायची. तिसरी खेप वयामुळं शेवटची होती. त्या दिवसांत मला तिची फार काळजी वाटायची, आणि विचारायचा धीर होत नव्हता.

निवड झाली. स्वतःच्या जिल्ह्यात नेमणूक देत नाहीत, म्हणून पार किनाऱ्याकडं जायचं ठरलं. निघायच्या दिवशी ती दुकानात आली. मी उठलो, हात जोडले आणि म्हणालो, “बसा, मॅडम.”

तिचा चेहरा पडला. ती बसली नाही.

“आता जिथं जाईन तिथं सगळे उठून उभेच राहणार, अण्णा,” ती म्हणाली. “तू बी मला परकी करायलास का?”

तिची पिशवी उचलून मी तिच्या हातात दिली.

“जा आता,” मी म्हणालो, “तुझी गाडी सुटंल.”