न तापवलेलं पातं

घड्याळजींच्या हातून कधी काही बिघडलं, असं कुणी ऐकलं नव्हतं. केसाएवढी स्प्रिंग ते चिमट्याने अशी बसवत की बघणाऱ्याने श्वास रोखावा. घरी मात्र त्यांची पत शून्य. गॅलरीतल्या ऑर्किडची मालकीण बायको, आणि हे नुसते पाणक्या.

"अहो, पानांच्या बेचक्यात पाणी साचू देऊ नका, कुजेल," ती दारातून ओरडायची. "मुळं पांढरी पडली की तहान, हिरवी असली की पोट भरलंय. तुमच्यापेक्षा बरं, जेवणार का म्हणून विचारावं तरी लागत नाही!"

तिचा एक नियम मात्र काळ्या दगडावरची रेघ होता. एका झाडाला लावलेलं कात्रीचं पातं ज्योतीवर तापवल्याशिवाय दुसऱ्याला लावायचं नाही. रसातून रोग जातो, आणि त्या रोगाला औषध नाही. लेक हे ऐकतच मोठी झाली. आई भाजी चिरायला बसली की ही चिडवायची, "सुरी तापवलीस का गं?"

मधोमध टांगलेलं जांभळं ऑर्किड लेकीच्या जन्माच्या वर्षी आणलेलं. बायकोने अंथरूण धरलं तेव्हा नवऱ्याकडून कबूल करून घेतलं, की त्याचा पुढचा फुटवा लेकीच्या घरी जाईल. दुसरं काही तिने मागितलं नाही.

त्या सकाळी घड्याळजी शेजारच्या शिंपीणबाईंनी आणून दिलेल्या ऑर्किडची डागाळलेली पानं कापत होते. आतून हाक आली. आवाज पार खोल गेलेला.

"जांभळं फुललंय ना? दाखवा मला."

कात्री हातातच होती. त्यांनी तुरा कापला आणि धावत आत गेले. तिने तो गालाशी धरला, डोळे मिटले. पण जित्याची खोड ती.

"पातं तापवलं होतं ना?"

"हो गं," ते म्हणाले. त्या घडीला दुसरं कोण काय बोललं असतं? संध्याकाळी ती गेली.

नंतर घड्याळजींनी ते झाड तळहाताच्या फोडासारखं जपलं. खोटं बोललो हे आठवायचं, पण एकदाच्या चुकीने काय होतंय, अशी मनाची समजूत घालायचे. मग फुटवा आला, आणि त्याच्या कोवळ्या पानावर काळपट रेघा उमटल्या. पुढच्या बहराला फुलांवर पांढरे ओरखडे आले. रोपवाटिकेतल्या माळ्याने पान उलटून पाहिलं, नि हळूच खाली सोडलं.

"जाळून टाका, काका. फुटवासुद्धा. कुणाला देऊ नका."

त्यांनी परसात पत्र्याच्या डब्यात ते जाळलं. ओली मुळं लवकर पेटेनात, म्हणून काडीने परत परत ढोसावी लागली. शेवटी ते तिथेच खाली बसले आणि रडले.

लेक फुटव्यासाठी नवीन कुंडी घेऊन आली. जांभळं टांगायचा आकडा रिकामा बघून तिने परसातल्या राखेच्या डब्याकडे पाहिलं, मग बाबांकडे. ती आईचीच लेक, तिला सांगावं लागलं नाही.

"बाबा, आईला फूल कापून दिलंत तेव्हा पातं तापवलं होतं ना?"

"नाही."

"आणि तिने विचारलं नाही?"

"विचारलं होतं."

 लेकीने कुंडी उचलली, पायात चपला सरकवल्या आणि दार ओढून घेतलं.